जोड कुठे सुटतो

स्वारगेटच्या जेधे चौकातून शंकरशेठ रस्त्याने पूर्वेकडे निघाले की काही अंतरावर डाव्या हाताला भवानी पेठेतले टिंबर मार्केट लागते. नाव टिंबरचे; पण तिथे आज जे खपते त्यातला मोठा भाग प्लायवुडचा, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आणि त्यांना धरून ठेवणारा गोंद. आठ बाय चारचे शीट भिंतीला टेकवून उभे असते. वरचा फेस दिसतो, कडेवर आतले थर मोजता येतात, कंपनीचा आणि आयएसआयचा शिक्का दिसतो. दिसत नाही तो गोंद, आणि साधा एमआर प्लाय व मरीन प्लाय यांच्या भावात जो फरक पडतो तो बराचसा त्याचाच. त्याच रस्त्याने उलटे फिरून चौकात आले तर एसटी स्थानक, उड्डाणपूल, २०२४ मध्ये सुरू झालेले भुयारी मेट्रोचे स्थानक आणि जागोजाग कॅमेरे. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे या एसटी स्थानकात घडलेल्या अत्याचाराच्या गुन्ह्यात संशयिताची ओळख पटवायला सीसीटीव्हीचे चित्रण उपयोगी पडले आणि तीन दिवसांच्या आत शिरूर तालुक्यातून अटक झाली. चित्रण कुणालाही पाहता येते. पण असे कुठलेही चित्रण कॅमेऱ्यातून रेकॉर्डरमध्ये, रेकॉर्डरमधून पेन ड्राइव्हवर, तिथून प्रयोगशाळेत आणि शेवटी न्यायालयात ज्या हातांतून जाते, त्या दोन हातांमधला जोड कुणाला दिसत नाही. डिजिटल गुन्ह्यांचा तपास आणि प्लायवुडसाठी वनस्पतीजन्य गोंद हे दोन विषय पुढील पानांत एका बांधणीत आणले आहेत ते या न दिसणाऱ्या जोडापायी.

हे ओढूनताणून जुळवलेले वाटेल. एक विषय गृहखात्याचा, दुसरा वखारीचा. एकाचे जाणकार दुसऱ्याच्या वाटेला कधी जात नाहीत. पण आपल्याकडच्या पुराव्याची राखणच मुळी एका राळेने केलेली आहे. मुद्देमाल कापडात गुंडाळायचा, सुतळी आवळायची, गाठीवर लाख ओतायची आणि ती गरम असतानाच पितळी मोहोर दाबायची, ही पोलीस ठाण्यांची जुनी रीत. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्याने झाडाचा रस पिऊन अंगाभोवती केलेले कवच. गोंद म्हणून तिची ताकद बेताची, कडक झाली की ठोकरीसरशी टवका उडतो. तरीही सरकारने आणि सावकाराने तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या भरवसा ठेवला, तो तिच्या याच दुबळेपणासाठी. एकदा फुटली की ती होती तशी जुळवता येत नाही. जुळवली तर मोहोरेची रेघ मोडलेली दिसते. लाखेमुळे गाठोडे कुणाला उघडता येत नसे असे नाही, उघडले तर लपवता येत नसे. या प्रस्तावनेला जे म्हणायचे आहे ते एवढ्यात आले. जोडावर कुणी शिक्का मारला आहे म्हणून तो विश्वासाचा ठरत नाही. ज्याचा त्यात काही स्वार्थ नाही अशा दुसऱ्या माणसाला तो पुन्हा तपासता येत असेल, आणि सुटला असेल तर सुटल्याचे कळत असेल, तरच तो विश्वासाचा. आपल्याकडे दोन्ही क्षेत्रांत कागदाने चाचणीची जागा घेतली आहे, आणि दुखणे तिथे आहे.

प्लायवुडची चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. भारतीय मानकांत सर्वसाधारण वापराच्या प्लायचा क्रमांक ३०३ आणि मरीन प्लायचा ७१०. एमआर म्हणजे दमटपणा सोसणाऱ्या प्लायचे नमुने साठ अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे असे फेरे असतात. मरीनचा नमुना सलग बहात्तर तास उकळत्या पाण्यात. त्यानंतर जे करतात ते शास्त्रापेक्षा सुतारकीला जवळचे आहे. ओल्या नमुन्याच्या कडेतून, बरोबर गोंदाच्या रेषेत, चाकू घुसवायचा आणि वरचा पापुद्रा उचकटून काढायचा. मग उघड्या पडलेल्या पृष्ठभागाकडे बघायचे. लाकडाचे तंतू फाटून दोन्ही बाजूंना चिकटून राहिले असतील तर गोंद उत्तम; म्हणजे लाकूड तुटले पण जोड तुटला नाही. पृष्ठभाग गुळगुळीत, काचेसारखा निघाला, पापुद्रा हलक्या हाताने सोलवटून आला, तर गोंद नापास. ही चाचणी नुसता निकाल देत नाही, तुटले तर नेमके कुठे तुटले हे दाखवते. शिवाय दुकानदार, गिऱ्हाईक, सुतार, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ यांपैकी कुणीही पातेले, चूल आणि पटाशी घेऊन तिची ढोबळ आवृत्ती करू शकतो. प्लायच्या धंद्यात फसवणूक भरपूर आहे. एमआरला मरीनचा शिक्का लागतो, आतल्या कोअरमध्ये फटी ठेवून वर देखणा फेस चढवला जातो. पण ती फसवणूक पकडण्याची वाट मात्र उघडी आहे, आणि तिला कुणाच्या सहीची गरज नाही.

डिजिटल पुराव्याला असा चाकू आहे का? आहे, आणि तो वापरायलाही अवघड नाही. हार्ड डिस्क जप्त झाली की ती सरळ संगणकाला लावायची नसते, कारण नुसती लावली तरी संगणक तिच्यावर आपल्या खुणा उमटवतो. मध्ये एक डबी जोडतात, तिला राइट ब्लॉकर म्हणतात; ती वाचू देते, लिहू देत नाही. मग डिस्कची बिटन्‌बिट नक्कल घेतात, खोडलेल्या फायलींचे अवशेष आणि रिकाम्या जागांसकट, आणि तिच्यावर एक गणिती प्रक्रिया चालवतात. तिचे फळ म्हणजे हॅश मूल्य. शा-२५६ या पद्धतीने ते चौसष्ट अक्षर-अंकांची ओळ म्हणून मिळते. डिस्कवर लाखो फायली असोत, त्यांतल्या एका पत्रातला एक स्वल्पविराम बदलला तरी ही ओळ इतकी बदलते की जुन्या ओळीशी तिचे नाते ओळखता येत नाही. ती ओळ पंचनाम्यात उतरवली, पंचांनी सही केली, एक प्रत आरोपीला दिली, की पुढे दहा वर्षांनी कुणीही तीच प्रक्रिया त्याच नकलेवर चालवून ओळ ताडून पाहू शकतो. लाखेच्या मोहोरेचे काम इथे गणित करते. फरक एवढाच की मोहोर ठाणे अंमलदाराच्या कपाटात असते आणि गणित कुणाच्याच कपाटात नसते. ज्या पंचनाम्यात ‘एक काळ्या रंगाचा मोबाइल, चालू स्थितीत, जप्त’ एवढेच लिहिलेले असते, तो पंचनामा मोहोर न लावता ओतलेल्या लाखेसारखा आहे.

कायदा मात्र बराच काळ चाकूऐवजी शिक्क्याभोवती फिरत राहिला. या वादातला सर्वांत महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आला, हे वकिलांबाहेर फारसे कुणाला माहीत नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी त्यांच्या निवडीला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि त्याचा पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीतले व्हिडिओ चित्रण. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे अशा चित्रणाच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागते. ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये अधिकाऱ्यांच्या तोंडी साक्षीवरून कायद्याची पूर्तता झाली असे मानून निवड रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्कर्ष कायम ठेवला, पण वाट दुरुस्त केली. मूळ उपकरणच न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्षीने त्याची जागा भरून निघत नाही, असे ठरवले. आणि ज्याने ते मिळवण्यासाठी हाती होते ते सगळे केले त्याला न मिळालेल्या कागदाची शिक्षा देता येत नाही, अशी सूटही दिली. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूक झाली होती आणि गोरंट्याल निवडून आले होते. निकाल तर्काला धरून आहे. पण सगळा वाद वाचताना एक गोष्ट खटकत राहते. खल चालला तो कागद हवा की नको यावर. त्या कागदात असे काय असावे की चित्रण जसेच्या तसे आहे हे तिऱ्हाइताला ताडता येईल, हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने पुढे आणला. कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक पुरावा सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश मूल्य लिहायची जागा आहे. ही सुधारणा वरवर कारकुनी दिसते. प्रत्यक्षात पहिल्यांदाच शिक्क्याच्या आत चाकू ठेवला गेला आहे. अर्थात सरकारी नमुन्याला साजेसा एक घोळ आहेच. शा-२५६ बरोबर एमडी-५ आणि शा-१ या पद्धतींचीही चौकट तिथे आहे. एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या फायलींना एकच हॅश आणता येतो हे २००४ मध्ये दाखवले गेले, शा-१ बाबत तेच २०१७ मध्ये झाले. यामुळे जुने सगळे पुरावे फोल ठरतात असे मुळीच नाही, कारण आधीच नोंदलेल्या हॅशशी जुळणारी बनावट फाइल तयार करणे ही फार वेगळी आणि अजून आवाक्याबाहेरची गोष्ट आहे. तरीही मजबूत कुलूप शेजारी असताना मोडके कुलूप लावायची मुभा कशाला?

शिक्क्यावर विसंबून राहिल्याने काय होते, याचा सर्वांत महाग धडा पुण्यानेच घेतला आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्ला झाला. एटीएमवर कार्ड सरकवले की ‘पैसे द्यावेत का’ हा प्रश्न बँकेच्या स्विच नावाच्या यंत्रणेमार्फत मुख्य संगणकाकडे जातो आणि उत्तर परत येते. हल्लेखोरांनी मध्येच स्वतःचा खोटा स्विच बसवला. प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोहोचलाच नाही. प्रत्येक वेळी ‘द्यावेत’ हे उत्तर वाटेतूनच परत गेले. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून हजारो व्यवहार झाले, दोन दिवसांनी बँकांच्या स्विफ्ट या संदेशप्रणालीमार्गे हाँगकाँगच्या एका बँकेत सुमारे चौदा कोटी गेले आणि एकूण नुकसान सुमारे ९४ कोटींवर पोहोचले. एटीएमला मिळालेला प्रत्येक होकार नमुन्यात बसणारा, नियमाप्रमाणे, थोडक्यात शिक्का मारलेला होता. देणाऱ्या यंत्राला तो होकार पुन्हा ताडून पाहायची सोय नव्हती. तपास पुढे गेला तो अशा नोंदी जुळवून, ज्या एकमेकींपासून स्वतंत्र हातांनी ठेवल्या होत्या: कार्ड कंपनीच्या नोंदी, बँकेच्या नोंदी, कोल्हापूरसह ठिकठिकाणच्या एटीएममधले सीसीटीव्ही, मोबाइलचे तपशील. एका नोंदीने खोटे बोलणे सोपे. चार परक्या नोंदींनी एकाच मिनिटाबद्दल एकच खोटे बोलणे अवघड. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला आहे, आणि दोषी ठरलेले मुख्यतः पैसे काढणाऱ्या फळीतले आहेत. म्हणजे चाकूने वरचा पापुद्रा निघाला, कोअर अजून आत आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. हॅश जुळला म्हणजे पुरावा खरा, असे समजणे ही नव्या प्रकारची शिक्काभक्तीच नव्हे का? आक्षेप रास्त आहे. हॅश एवढेच सांगतो की जप्तीच्या क्षणी जे होते तेच आज समोर आहे. जप्तीच्या आधी त्या यंत्रात कोणी काय ठेवले, याबद्दल तो मुका आहे. एल्गार परिषद प्रकरणात नेमका हाच वाद उभा राहिला. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर झालेल्या परिषदेनंतरच्या तपासात जप्त झालेल्या एका लॅपटॉपची नक्कल बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेला तपासायला दिली. जप्तीपूर्वी दीर्घकाळ त्या लॅपटॉपवर बाहेरून ताबा होता आणि आक्षेपार्ह पत्रे त्यात पेरली गेली, असा तिचा २०२१ चा अहवाल सांगतो. तपास यंत्रणेला तो मान्य नाही, आणि खरेखोटे खटल्यातच ठरायचे आहे. इथे त्याचा निवाडा करायचे कारण नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. हा वाद घालता येतो, तो नक्कल घेतली गेली होती आणि ती विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञाच्या हाती पडली होती, म्हणूनच. नक्कल नसती, किंवा एकाच प्रयोगशाळेच्या कुलपात राहिली असती, तर समोर फक्त एक अहवाल आणि त्यावरची सही उरली असती. तज्ज्ञावर विसंबून राहणेही पुरत नाही. पुण्यातल्याच २०१८ च्या बिटकॉइन फसवणूक प्रकरणात पोलिसांना तांत्रिक मदत करणाऱ्या दोघांना मार्च २०२२ मध्ये अटक झाली, ती तपासाच्या ओघात हाती आलेले आभासी चलन वळते केल्याच्या आरोपाखाली. आरोप सिद्ध होवो न होवो, ज्या व्यवस्थेत असा आरोप चार वर्षांनी पुढे येतो तिथे जोड तपासणारा दुसरा हात नव्हता, एवढे दिसतेच.

आता गोंदाकडे. वनस्पतीजन्य गोंदाबद्दल बोलताना हल्ली एक नवा शिक्का पुढे केला जातो, ‘नैसर्गिक’. त्यामागचे कारण खरे आहे. स्वस्त प्लायमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो; उष्णता आणि दमटपणा लागला की त्याचे बंध हळूहळू सुटतात आणि फॉर्माल्डिहाइड वायू घरात येत राहतो. नव्या कपाटाचे दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबते ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू माणसाला कर्करोगकारक असल्याचे ठरवले. फिनॉलचा गोंद जास्त टिकाऊ आणि कमी वायू सोडणारा. पण त्याचा कच्चा माल खनिज तेलातून येतो. म्हणून सोयाबीन, टॅनिन, लिग्निन, काजूच्या टरफलातले तेल यांच्याकडे पुन्हा लक्ष गेले. पुन्हा म्हणायचे कारण असे की यातले बरेच जुनेच आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात सोयाबीनच्या गोंदावर प्लायवुडचे कारखाने चालत होते. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, ती याच कुळातली. सोयाबीनचा गोंद मागे पडला तो पाण्यापुढे. भिजले की सुटणारा आणि बुरशी धरणारा जोड फिनॉलच्या स्पर्धेत टिकला नाही.

पाण्याचा हा अडसर अलीकडे दूर झाला त्याची हकिकत मोठी सुरस आहे. ओरेगन राज्य विद्यापीठातले काइचांग ली यांनी समुद्राच्या लाटा खात खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांकडे पाहिले. रत्नागिरीच्या खडकांवरून कालवे खरवडणाऱ्या बायकांना समुद्री जीवांची ही पकड नव्याने सांगायला नको. शिंपल्याचा गोंद प्रथिनांचा असतो आणि पाण्यातच घट्ट होतो. सोयाबीनच्या प्रथिनात तसे गुण आणता येतील का, या विचारातून तयार झालेला गोंद कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या कंपनीने २००५ पासून प्लायवुडसाठी वापरला आणि २००७ मध्ये त्याला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र त्यात सोयाबीनबरोबर एक कृत्रिम राळ लागते, कागद ओला झाला तरी फाटू नये म्हणून कागदगिरण्या वापरतात त्या जातीची. तेव्हा तो फॉर्माल्डिहाइडमुक्त आहे हे खरे. निव्वळ झाडापासून आलेला आहे हे खरे नाही. काजूच्या बाबतीत गोष्ट आणखी नाजूक. सिंधुदुर्गात काजू सोलणाऱ्यांच्या बोटांची साल काढणारे टरफलातले तेल तापवले की त्यातून कार्डॅनॉल मिळते आणि ते फिनॉलचा काही वाटा घेऊ शकते. बंगळूरच्या प्लायवुड संशोधन संस्थेत यावर बरेच काम झाले आहे. पण कार्डॅनॉलची राळ बनते तीही फॉर्माल्डिहाइडशी जुळवूनच. टॅनिनची कथा वेगळी. आंबेगाव-जुन्नरचे आदिवासी ज्या हिरड्यावर चार पैसे मिळवतात तो टॅनिनने भरलेला, म्हणून तो गोंदालाही चालेल असे सहज वाटते. चामडे कमवायला तो उत्तम. गोंदाला मात्र दुसऱ्या जातीचे टॅनिन लागते, जे वॅटलच्या किंवा बाभळीच्या सालीत मिळते, आणि दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात वॅटलचा गोंद कारखान्यांत रुळलेलाही आहे. ‘झाडापासून’ या एका शब्दाखाली इतक्या भिन्न वस्तू येतात, की त्या शब्दाने गोंदाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

लातूर किंवा वाशीमच्या सोयाबीनच्या पेंडीला यातून नवा बाजार मिळू शकतो, आणि तो मिळावा. पण तो ‘नैसर्गिक’ या शब्दावर मिळाला तर पहिल्या पावसाळ्यात जाईल. स्वयंपाकघराच्या ओट्याखालचा प्लाय फुगला की गिऱ्हाईक गोंदाच्या कुळाची चौकशी करीत नाही, पुन्हा जुनाच माल मागतो. म्हणून नव्या गोंदालाही तेच पातेले, तेच बहात्तर तास आणि तोच चाकू लावला पाहिजे; सवलत नको. आणि वायूची मोजणीही बंद पेटीत ठेवलेल्या नमुन्यावर झाली पाहिजे, माहितीपत्रकात नव्हे.

उरलेले दोन आक्षेप व्यवहारी आहेत. पहिला असा की न्यायाधीश काही हॅश काढत बसणार नाहीत आणि गिऱ्हाईक प्लाय उकळत बसणार नाही; प्रत्येकाने प्रत्येक जोड तपासायचा तर कामे कधी व्हायची? प्रमाणपत्राची सोय त्यासाठीच तर आहे. हे मान्य. प्रमाणपत्र नको असे इथे कुणी म्हणत नाही. पण प्रमाणपत्र दोन जातींचे असते. एक म्हणते, माझ्यावर विश्वास ठेव. दुसरे सांगते, संशय आला तर अमुक ठिकाणी, अमुक रीतीने तपास. प्लायवरच्या आयएसआय चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो आणि तो मानक ब्यूरोच्या अॅपवर टाकून कंपनीचे नाव ताडता येते. हॅश लिहिलेले प्रमाणपत्रही त्याच जातीचे. फार थोडे लोक तपासतील, पण कुणीतरी तपासू शकतो या धाकानेच बाकीचे जोड सरळ राहतात.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. चाचणीने वस्तू मोडते. प्लायचा तुकडा उकळला तरी उरलेले शीट शाबूत राहते. जप्त केलेला मोबाइल एकच असतो. तो चालू असताना बंद केला तर कुलूपबंद माहिती कायमची हाताबाहेर जाऊ शकते, चालू ठेवला तर दर सेकंदाला आतले काहीतरी बदलते, आणि नेटवर्क तोडणाऱ्या पिशवीत ठेवला नाही तर दूर बसलेला माणूस तो पुसून टाकू शकतो. नव्या एसएसडी डिस्क तर वीज मिळताच आपल्या आपण जुन्या जागा साफ करू लागतात. राइट ब्लॉकर लावला तरी. अशा वेळी काहीही न बदललेला पुरावा ही अपेक्षाच चुकीची ठरते. पण म्हणून चाचणी सोडायची नसते, तिची नोंद काटेकोर करायची असते: कोणी, किती वाजता, कोणते बटण दाबले, त्याने काय बदलले असेल. बदल हा दोष नाही, न लिहिलेला बदल हा दोष. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, ते या दृष्टीने योग्यच आहे. फक्त ते चित्रीकरणही एक डिजिटल पुरावा आहे आणि त्यालाही हॅश लागतो, एवढे विसरून चालणार नाही.

पुढचे दोन भाग वाचताना वाचकाने तंत्राच्या तपशिलात अडकून पडू नये. प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारावा, हे काम दुसऱ्या कुणाला पुन्हा करून पाहता येईल का. आणि एक विनंती. जप्तीच्या वेळी पंच म्हणून रस्त्यावरच्या, शेजारच्या दुकानातल्या कुणालाही बोलावले जाते. उद्या जेधे चौकात तुमच्यावरही ती पाळी येईल. मोबाइल किंवा रेकॉर्डर जप्त होत असेल तर हॅश मूल्य कधी आणि कुणासमोर काढणार, हे तपास अधिकाऱ्याला विचारा. ते समोर काढले असेल तर पडद्यावरची ओळ आणि पंचनाम्यातली ओळ बोट ठेवून, अक्षर अक्षर ताडून बघा. पाच मिनिटे लागतील. सही त्यानंतर करा.